रेज फाइल हातात पडल्यावर

एम्बेडेड लिनक्सच्या कामावर रुजू झालो आणि पहिल्याच महिन्यात आमचे साठेक पॅच (मूळ कोडवर चढवायच्या बदलांच्या फाइली) लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ४.९ आवृत्तीवरून ४.१९ वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या संध्याकाळी टर्मिनलवर 'हंक फेल्ड'ची रांग लागली (हंक म्हणजे पॅचमधला बदलाचा एक तुकडा) आणि न लागलेले तुकडे ठेवणाऱ्या रेज (.rej) फाइली फोल्डरभर पडल्या. या कामात नव्याने येणाऱ्यांना तेव्हाचा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला 'पॅच' हा प्रोग्राम फक्त ओळींच्या क्रमांकावर विसंबत नाही. बदलाच्या वरच्या आणि खालच्या सहसा तीन-तीन ओळी तो ताडून बघतो. त्या दुसऱ्या जागी सापडल्या तर 'ऑफसेट' सांगून बदल लावतो. नीट जुळल्या नाहीत तर कडेच्या एक-दोन ओळी सोडून पुन्हा बघतो, यालाच 'फझ' म्हणतात. तरीही जमलं नाही, तर तो तुकडा रेज फाइलमध्ये जातो.

मी रेज फाइल उघडायचो आणि ओळी हाताने डकवायचो. एका ड्रायव्हरमध्ये दिवसभर अडकलो. टायमरच्या कॉलबॅकमधली (वेळ झाली की चालणाऱ्या फंक्शनमधली) आमची दुरुस्ती कंपाइलच होईना. टीममधल्या एक ज्येष्ठ बाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "ती फाइल मिट आधी. मूळ कोडमधली ओळ कुणी बदलली आणि का, ते शोध." कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये 'गिट लॉग'ला मोठ्या एसचा (-S) पर्याय आणि हरवलेला शब्द दिला, तर तो शब्द आणणारे आणि काढणारे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, समोर येतात. उत्तर पाच मिनिटांत मिळालं. ४.१५ पर्यंत कर्नलमधली 'सेटअप_टायमर'ची जुनी पद्धत जाऊन 'टायमर_सेटअप' आली होती. कॉलबॅकला पूर्वी एक आकडा मिळायचा, आता टायमरचाच पॉइंटर मिळतो. आमची दुरुस्ती त्या आकड्यावर उभी होती, तेव्हा ती नव्याने लिहिण्याला पर्याय नव्हता.

पण खरा फटका बसला तो नाकारलेल्या तुकड्यामुळे नाही, स्वीकारलेल्या तुकड्यामुळे. त्याच ड्रायव्हरमध्ये सस्पेंड (झोपवणारं) आणि रिझ्यूम (उठवणारं) ही दोन फंक्शनं जवळपास सारखी होती. रिझ्यूमसाठीचा हंक 'फझ २' म्हणत सस्पेंडमध्ये जाऊन बसला. कोड कंपाइल झाला, बोर्ड सुरूही झाला, पण झोपेतून उठेना. ती चूक शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. तेव्हापासून मी 'पॅच' चालवताना फझ शून्यावर ठेवतो. रेज फाइली वाढतात, वाढू देत. निदान कुठे बघायचं ते तरी कळतं.

हत्यारांचं म्हणाल, तर पॅच गिटमधून तयार झालेला असेल तेव्हा सगळ्यात आधी पॅच लावणारी 'गिट एएम' ही आज्ञा थ्री-वे पर्यायासह चालवा. पॅचमधल्या 'इंडेक्स'च्या ओळीत मूळ फाइलची ओळख असते. ती जुनी फाइल तुमच्या रिपॉझिटरीत असेल, तर गिट खरंखुरं मर्ज करतं, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकत्र करतं, आणि रेज फाइलऐवजी नेहमीचा कॉन्फ्लिक्ट (न जुळणाऱ्या बदलांची जागा) समोर येतो. फाइल नसल्याची तक्रार आली, तर जिथून पॅच आला ती ब्रांच फेच करून पुन्हा चालवा. कॉन्फ्लिक्टची शैली 'डिफ३' करून ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंबरोबर मूळ ओळीही दिसतात. मूळ काय होतं हे दिसल्याशिवाय निर्णय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. फाइली शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या मेल्ड किंवा केडिफ३ यांपैकी हाताला बसेल ते वापरा, तिथे फार विचार नको.

नुसती डिफ फाइल हातात असेल तर 'विगल' वापरा. लिनक्सच्या रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या) विभागाची अनेक वर्षं देखभाल केलेले नील ब्राउन यांनी ते लिहिलं. ते ओळीऐवजी शब्दांच्या पातळीवर जुळवतं, त्यामुळे एखादा आर्ग्युमेंट वाढल्याने अडलेले हंक बरेचदा सुटतात. मात्र त्याने लावलेला प्रत्येक बदल डोळ्यांखालून घालाच, कारण फझचा धोका इथेही आहेच.

तोच कॉन्फ्लिक्ट रिबेसमध्ये (आपले कमिट नव्या आवृत्तीवर पुन्हा लावताना) पुन्हा पुन्हा येत असेल, तर गिटचं 'रिरिरे' चालू करा. एकदा सोडवलेलं उत्तर ते लक्षात ठेवतं.

शेवटी कमिट करण्याआधी उरलेल्या रेज आणि ओरिज (मूळ फाइलची प्रत) फाइली शोधून काढून टाका. आणि कमिटच्या संदेशात, जुना पॅच कोणत्या आवृत्तीवरचा होता आणि कुठला हंक तुम्ही नव्याने लिहिलात, याच्या दोन ओळी घाला. पुढच्या कर्नलवर जाताना तोच हंक पुन्हा अडणार आहे.