सिंगल सेल शिकताय? आधी उंदीर मोजा

सिंगल सेल म्हणजे एकेका पेशीत कुठलं जीन किती चालू आहे ते मोजणं. त्या डेटाचं विश्लेषण करणाऱ्या सुराट किंवा स्कॅनपाय या सॉफ्टवेअरचं ट्युटोरियल सगळेच करतात. 2,700 रक्तपेशींचा तो नेहमीचा डेटासेट, तासाभरात रंगीत यूमॅप, म्हणजे सारख्या पेशी जवळ दाखवणारा नकाशा. जरूर करा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्यात रक्तदाता एकच आहे आणि तुलना कशाशीच नाही. तुमच्या थीसिसमध्ये तुलना असणार, आणि खड्डा नेमका तिथेच आहे.

समजा तीन कंट्रोल उंदीर, तीन औषध दिलेले, प्रत्येकाच्या 5,000 पेशी. सुराटमध्ये दोन गटांत वेगळी वागणारी जीन्स शोधणारं फाइंडमार्कर्स चालवलंत की त्यातली डीफॉल्ट विलकॉक्सन टेस्ट प्रत्येक पेशी स्वतंत्र नमुना धरते. तिच्या लेखी नमुने 30,000! मग पी-व्हॅल्यू इतकी बारीक येते की शून्यं मोजता मोजता डोळे दुखतात. शेकडो जीन्स सिग्निफिकंट, तुम्ही खूश, गाइड त्याहून खूश. माझी पहिली यादी अशीच लांबलचक होती. नव्या उंदरांत क्यूपीसीआर (एकेक जीन वेगळं मोजणारी चाचणी) करून पाहिलं तर हातात फारसं काही उरलं नाही.

कारण साधं आहे, तरी पुन्हा सांगते. एका उंदराच्या पेशींचा जीनोम एक, पिंजरा एक, काढल्या एकाच हाताने, एकाच वेळी. त्या एकमेकींसारख्या असणारच. तीन शेतांत नवं खत घातलं, तीन शेतांत नाही, आणि प्रत्येक शेतातली पाच हजार कणसं मोजली. म्हणून शेतं तीस हजार होत नाहीत. सहाच राहतात.

उपाय आहे, आणि अवघडही नाही: स्यूडोबल्क. एक पेशीप्रकार घ्या, प्रत्येक उंदराचे त्यातले कच्चे काउंट्स (प्रत्येक जीनचे मूळ मोजलेले आकडे) बेरजेने एकत्र करा, सहा कॉलम होतील, ते डीईसेक2 किंवा एजआर या गटांची तुलना करणाऱ्या पॅकेजला द्या. कच्चेच द्या, नॉर्मलाइज केलेले नकोत, इंटिग्रेशनमधून (वेगवेगळे नमुने एकमेकांशी जुळवण्याच्या पायरीतून) बाहेर पडलेले तर अजिबात नकोत. यादी आखडेल. रडू येईल. पण उरेल ते टिकण्याची शक्यता खूपच जास्त. 2021 मध्ये नेचर कम्युनिकेशन्समधल्या एका पेपरने दाखवलं, की उंदरा-उंदरातला फरक न धरणाऱ्या पद्धती खरा फरक नसतानाही शेकडो जीन्स काढून देतात. पटत नसेल तर फक्त कंट्रोल उंदीर दोन खोट्या गटांत वाटा आणि तुमचाच कोड चालवा.

प्रत्येक बाजूला एकच उंदीर असेल तर? मग कुठलीही टेस्ट वाचवणार नाही. कंट्रोल सगळे सोमवारी आणि औषधाचे सगळे गुरुवारी केले असतील, तर असे बॅचचे फरक पुसणारं हार्मनीसुद्धा वार आणि औषध वेगळं करू शकत नाही.

कोड एआयकडून लिहून घ्यायला माझी हरकत नाही. पण उंदीर किती होते हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर तोही बहुधा फाइंडमार्कर्सच लिहून देईल. सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालू नका, जिओवर (GEO, जीन-डेटाचा सार्वजनिक साठा) डेटा फुकट पडलाय. आणि नावाजलेल्या गाइडपेक्षा तुमच्या शेजारी बसून काउंट मॅट्रिक्स (जीन्स आणि पेशींचा आकड्यांचा तक्ता) उघडणारी सीनियर शोधा.

घाबरू नका, बेरजेचा कोड पंधरा-वीस ओळींचा असतो. डेटा आधीच आला असेल तर आजच बेंचवरच्या माणसाला गाठा: कुठला उंदीर कुठल्या दिवशी, पेशी कुणी काढल्या, ऊतकातून पेशी सुट्या करणाऱ्या कोलाजिनेज या एन्झाइममध्ये ते ऊतक 37 अंशांवर किती वेळ होतं. त्या उबेत फॉस आणि जून ही जीन्स आपोआप चढतात. ती दिसली म्हणून नव्या क्लस्टरचं (पेशीगटाचं) बारसं करण्याआधी बेंचवरच्या त्या माणसाची वही मागून घ्या.