"आजच्या दिवस चालतंय" : कंडोमच्या बाबतीत या चुका टाळा

नाशिकला कॉलेज रोडच्या बाजूला माझं मेडिकल आहे. रात्री नऊनंतर एखादा पोरगा येतो. आधी डोकेदुखीची गोळी मागतो, मग खोकल्याच्या वड्या. शेजारच्या काकू गेल्या की हळूच, "काका, ते द्या ना." मी कागदात गुंडाळून देतो, तो न बघताच खिशात कोंबतो. काकू हलल्याच नाहीत, तर रिकाम्या हाताने परत. आणि मग "आजच्या दिवस चालतंय".

म्हणून ऐनवेळी घेऊ नका. सिडकोतली पोरं पंचवटीत जाऊन घेतात, तसं करा हवं तर; पण आधी घेऊन ठेवा. सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतो.

घेतलेला डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, डिकीत तर भट्टीच. पाकिटात महिनोन्‌महिने दबून राहिला तरी रबर कमजोर होतं. वापरायच्या आधी तारीख बघा, पुडी दाबून बघा. आतली हवा बोटांना जाणवली पाहिजे. पुडी दातांनी फाडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, आणि सुरुवातीपासूनच लावा, मध्येच नाही. उलटा लागला तर तोच फिरवू नका, नवा घ्या. खोबरेल तेल लावलं की लेटेक्स फाटतं. एकावर एक दोन घालणारे शहाणेही भेटतात. घर्षणाने दोन्ही जातात.

पण माझ्या मते खरी गोची विश्वासाची आहे. दोन-तीन महिने झाले की "आता कशाला? माझ्यावर भरवसा नाही का?" या वाक्यापुढे भलेभले गप्प बसतात. एचआयव्ही वर्षानुवर्षं लक्षणं न दाखवता अंगात राहतो. ज्याला आहे त्यालाच माहीत नसतं, तिथे भरवसा काय करणार? कंडोम थांबवायचंच असेल तर आधी दोघांनी सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्रात, तपासणी करा. ती मोफत असते, रिपोर्ट गुप्त राहतो. अलीकडचा संसर्ग पहिल्या चाचणीत दिसेलच असं नाही, त्यामुळे तीन महिन्यांनी पुन्हा करा.

दारू प्यायल्यावर तर ठरवलेलं सगळं धुऊन जातं, ते वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाईक विचारतात, "काका, कंडोम फेल जातो ना?" दर वेळी आणि नीट वापरला तर वर्षभरात 100 पैकी साधारण 2 जोडप्यांत गर्भ राहतो. लोक प्रत्यक्षात वापरतात तसा, कधी आहे कधी नाही, तर 13.

दर आठवड्याला गर्भ टाळायची तातडीची गोळी नेणारा एकजण आहे. मी एकदा बोललोच, "अरे, ही गोळी संसर्ग अडवत नाही, आणि रोजच्या वापराची नाही." तो हसला, पैसे ठेवून गेला.

फाटलाच तर घाबरून बसू नका. गर्भाच्या भीतीला ही गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. एचआयव्हीची शंका असेल तर त्याच 72 तासांत सिव्हिल गाठा. संसर्ग रोखणारी औषधं तेवढ्या वेळातच सुरू करावी लागतात. रात्री कुणाला विचारायचं सुचत नसेल, तर 1097 ही एड्स हेल्पलाइन लावा, फोन फुकट आहे.