गोदाघाटाच्या चित्रात राजकारण शोधायचं कसं

नाशकात चित्रप्रदर्शनाची बातमी येते, समीक्षा येत नाही. उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, प्रमुख पाहुणे काय म्हणाले, प्रदर्शन कितीपर्यंत खुलं आहे, हे सगळं छापून येतं. चित्रांच्या वाट्याला एक वाक्य: ‘निसर्गाची विविध रूपं चितारली आहेत.’ माझं रविवार कारंजाजवळ फ्रेमिंगचं दुकान आहे. शहरातली बरीच चित्रं भिंतीवर जाण्याआधी माझ्या टेबलावर पालथी पडलेली असतात. अधूनमधून एका पुरवणीसाठी मी त्यांच्यावर लिहितोही. हल्ली कॉलेजची मुलं येतात आणि विचारतात, काका, कला आणि समाज असं काहीतरी लिहायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

मूठ आवळलेल्या चित्रापासून सुरुवात करू नका. तिथे राजकारण आयतं मिळतं, तुम्हाला काही करावंच लागत नाही. गोदाघाटाच्या जलरंगापासून करा. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे निसर्गचित्राची या गावाला जुनी सवय आहे, आणि आजही दर प्रदर्शनात घाट असतोच.

लिहायला बसण्याआधी चित्रासमोर उभं राहून फक्त दिसतं ते टिपा. मत नको. मध्यंतरी माझ्याकडे माउंटला आलेलं एक चित्र सांगतो. अर्धा इम्पीरियल कागद, म्हणजे १५ बाय २२ इंच. सकाळचं ऊन. पायऱ्यांवरचा उजेड रंगाने केलेला नाही, तिथे कागद कोरा सोडलाय. हे जमायला हात लागतो. मागे नारोशंकराच्या देवळाचा कळस ओल्या कागदावर ओला रंग सोडून विरघळवलेला. खाली पाण्यात निळा-जांभळा एकच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वरून दोन कोरडे फटकारे. माणसं नऊ. सगळी पाठमोरी किंवा वाकलेली, एकालाही चेहरा नाही. बायका म्हणजे कुंचल्याचा एकेक ठिपका: लाल, पिवळा, लाल.

आता त्याच जागी, बुधवारी सकाळी, घाटावर जाऊन उभे राहा. बाजार भरलेला असतो. भाजीवाल्यांचे हातगाडे, ताडपत्र्या, निर्माल्याचा ढीग, शुभेच्छांचे फलक, कुठल्या तरी दादांचा हात जोडलेला फोटो. कुंडांच्या तळाशी ओतलेलं काँक्रीट काढा म्हणून गोदाप्रेमी वर्षानुवर्षं भांडतायत, ते काँक्रीट. चित्रात यातलं काय आलं आणि काय गळलं, याची दोन रकान्यांत यादी करा. दुसरा रकाना नेहमीच लांब होतो. समीक्षा तिथून सुरू होते.

मोजणं हलकं काम समजू नका. गोरिलाचे मुखवटे घालून फिरणाऱ्या ‘गुरिल्ला गर्ल्स’ या अमेरिकी कलाकार स्त्रियांनी १९८९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जाऊन हेच केलं. आधुनिक कलेच्या दालनात स्त्री-कलाकार ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांतल्या व्यक्तींमध्ये ८५ टक्के बायका, असा हिशेब त्यांनी पोस्टरवर मांडला. लांबलचक लेखाने जे झालं नसतं ते दोन आकड्यांनी केलं. तुम्हीही प्रदर्शनात फिरताना मोजा: चित्रकार किती, त्यात बायका किती, घाट किती, घाटावर राबणारी माणसं किती आणि नुसती शोभेला उभी किती.

गळलेलं सापडलं की लगेच चित्रकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा मोह होतो. ‘कलावंताने सामाजिक वास्तवाकडे पाठ फिरवली आहे’ हे वाक्य मी इतक्या लेखांत वाचलंय की आता ते दिसलं की पान उलटतो. त्याऐवजी असं लिहा: ‘पायऱ्यांवर नऊ माणसं आहेत, एकालाही चेहरा नाही; बाजाराचा मागमूस नाही; नदी स्वच्छ आहे.’ एवढं पुरतं. वाचक नाशिकचा आहे, पुढचं तो स्वतः जोडतो. आणि घाट असा धुऊनपुसून का येतो याचं कारण नेहमी चित्रकारातच नसतं. मला ठाऊक आहे, कारण फ्रेमची पट्टी मीच कापतो. ही चित्रं दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये जातात, बिल्डरच्या ऑफिसात जातात. घेणाऱ्याला फलक आणि ताडपत्री नको असते. सोनेरी पट्टी आणि शांत पाणी हवं असतं. चित्रकाराला घर चालवायचं असतं. ही देवाणघेवाण लेखात आली तर तो लेख समाजाबद्दलचा होतो, ‘समाज’ हा शब्द एकदाही न लिहिता.

घाटाचा इतिहासही हाताशी ठेवा. २ मार्च १९३० रोजी दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद होते, तेव्हा मोर्चा वळून गोदाघाटावर आला आणि तिथे सभा झाली. पुढे काही वर्षं हा लढा चालला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथे लावून धरला. ज्या पायऱ्यांवर आपण ऊन रंगवतो, त्यांच्या आसपास हे घडलंय. प्रत्येक चित्रात ते यावं असं माझं म्हणणं नाही. पण अख्ख्या प्रदर्शनात तीसेक घाट असतील आणि एकातही त्याची सावली नसेल, तर ते लेखात लिहायचं. २०२५च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून गावात केवढा वाद झाला. यंदा भिंतीवर तपोवन आलं तर त्यातली झाडं नीट बघा.

आता उलट बाजू. विषय दणकट असला की चित्र चांगलं, हा समज त्याहून घातक आहे. मार्च २०१८मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशकातून निघाला, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला आझाद मैदानात पोचला. दहावीच्या मुलांची परीक्षा म्हणून शेवटचा टप्पा रात्रीत चालले. त्या पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, कातडी निघालेले. त्यानंतर असे पाय रंगवलेले कॅनव्हास माझ्याकडे बरेच आले. एकात तर टाचेची भेग वर्तमानपत्रातल्या फोटोवरून जशीच्या तशी उतरवलेली, बाकी पार्श्वभूमी पेटत्या लाल रंगाने भरून टाकलेली. समोर उभं राहिलं की गलबलतं, पण ते फोटोच्या आठवणीने. इथे समीक्षकाने एकच प्रश्न घट्ट धरायचा: फोटोने जे आधीच केलंय, त्यापुढे चित्र काय करतं? उत्तर ‘काही नाही’ असेल तर तसं लिहा. शेतकऱ्याबद्दलचं चित्र आहे म्हणून जपून लिहिणं हा शेतकऱ्याचाही अपमान आहे.

पुढे जाणारं चित्र कसं असतं याचा दाखला हवा तर प्रभाकर पाचपुते यांचं काम बघा. ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, कोळसा खाणीच्या पट्ट्यातले, आणि त्यांनी कोळशानेच थेट भिंतींवर माणसं काढली. माणसांच्या डोक्याच्या जागी अवजारं, यंत्रं. जे माणसांना राबवतं त्याची आठवण करून देणारा लाकडी कोळसा हातात घेऊन रेघ ओढली. म्हणून माध्यमाबद्दल विचारल्याशिवाय लेख लिहू नका: हे कशाने केलंय, तेच का, आणि ते बदललं तर चित्र बदलेल का? लाल ॲक्रिलिकच्या जागी हिरवा भरला असता तर त्या पायांचं काही बिघडलं नसतं. तिथेच ग्यानबाची मेख आहे.

पैशाबद्दल विचारायला लोक लाजतात. आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी लाजत नव्हते. नाशकाच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख कोरलाय: ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, त्यातले २००० दरमहा १ टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने, आणि व्याजातून भिक्षूंचा खर्च. दाता, रक्कम, व्याजदर, सगळं भिंतीवर. आजच्या प्रदर्शनात प्रायोजकाचा लोगो असतो, आकडा नसतो. हॉलचं भाडं कोणी भरलं, कॅटलॉग कोणी छापला, विकल्याची लाल टिकली कुठल्या चित्रांना आधी लागली, हे विचारा. सांगतात लोक. न सांगितलं तर ‘विचारलं, सांगितलं नाही’ असं लिहा.

कधीकधी राजकारण चित्रात नसतं, भोवती असतं. फेब्रुवारी २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. बरवेंची चित्रं म्हणजे पान, घड्याळ, मोकळा अवकाश. घोषणा शोधूनही सापडणार नाही. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले, संग्रहालयाच्या स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या गुंडाळल्याबद्दल बोलू लागले, तर त्यांना मध्येच थांबवून बरवेंपुरतं बोला असं सांगण्यात आलं. त्या प्रदर्शनावर लिहिताना हे वगळलं असतं तर लेख अर्धा राहिला असता, आणि फक्त हेच लिहिलं असतं तर बरवेच राहून गेले असते. दोन्हीला जागा द्या, चित्रांना आधी.

लिहिताना शब्दमर्यादा ५०० असेल तर निम्मे शब्द एकाच चित्रावर खर्च करा. सगळ्यांची नावं घेत सुटलात तर ती पुन्हा बातमी होते. उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नका, हारतुऱ्यांत चित्र दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा असतो आणि राखणीला बसलेला माणूस गप्पांना मोकळा असतो. कोणत्या चित्रासमोर लोक थांबतात हे त्याला अचूक माहीत असतं. ‘अस्वस्थ करणारं’, ‘भेदक’, ‘अंतर्मुख करणारं’ हे शब्द आले की खोडा आणि त्याजागी चित्रातली एखादी वस्तू लिहा.

फोटो काढताना काच असेल तर बरोब्बर समोरून काढू नका, तुमचाच मोबाइल त्यात दिसतो. जरा बाजूला सरका आणि समोरची ट्यूबलाइट बंद करायला सांगा. खाली शीर्षक, माध्यम, आकार इंचात, साल, एवढं द्या. माध्यम दोनदा तपासा. तुम्ही चित्रकाराच्या विचारांवर कितीही लिहा, त्याचा पहिला फोन येतो तो जलरंगाला ॲक्रिलिक छापल्याबद्दलच.