वांग्याने माना टाकल्या तिथून

घरामागच्या वायंगणी मळ्यात आई वांगी लावायची. फळं धरायच्या सुमाराला एखादं झाड सकाळी टवटवीत आणि दुपारी माना टाकलेलं. पानं हिरवीच, पाणी भरपूर, तरी चार दिवसांत झाड आडवं. "मुळं कुजली गो," म्हणत आई ते उपटून कुंपणाशी फेकायची.

दापोलीला कृषी पदवीला असताना सरांनी असंच खोड कापून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात धरायला लावलं. दोन-तीन मिनिटांत कापल्या जागेतून दुधाळ धागा खाली उतरला. तो राल्स्टोनिया सोलॅनासीरम. पाणी वर नेणाऱ्या नळ्या हा जिवाणू चोंदवून टाकतो; झाड ओल्या मातीत तहानेने मरतं.

झाडांच्या रोगप्रतिकाराच्या या विषयात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: पीटीआय, ईटीआय ही प्रतिकाराच्या दोन फळ्यांची आद्याक्षरं घोकत बसू नका. झाडाला कळतं कसं, एवढंच विचारा. रक्तातून फिरणाऱ्या शिपाईपेशी झाडाकडे नाहीत, प्रत्येक पेशीला आपली राखण आपणच करावी लागते. पेशीच्या आवरणावर एफएलएस२ नावाचं प्रथिन असतं. जिवाणूच्या शेपटीतला 22 अमिनो आम्लांचा तुकडा त्याला लागला, की कॅल्शियम आत घुसतं, काही मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साइड उसळतं, पर्णरंध्रं मिटतात. राल्स्टोनिया मात्र बेरकी. त्याच्या शेपटीतला तो तुकडा इतका बदललेला आहे की टोमॅटोच्या एफएलएस२ला ओळखूच येत नाही.

शिवाय जिवाणू सुईसारख्या यंत्रणेने स्वतःची प्रथिनं पेशीत टोचतात आणि आतला गजर बंद पाडतात. मग दुसरी फळी: पेशीच्या आतले पहारेकरी. जोन्स आणि डँगल या शास्त्रज्ञांनी ही रस्सीखेच 2006 मध्ये नागमोडी आकृतीत मांडली. ती एकदा स्वतःच्या हाताने काढून बघा. माझा आवडता पहारेकरी मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसमधला आरआरएस१. राल्स्टोनियाचं पॉपपी२ हे प्रथिन झाडाच्या ज्या प्रथिनांवर डल्ला मारतं, त्यांच्यासारखाच एक तुकडा यानं अंगावर बाळगलाय. गरीला कोळंबी लावावी तसा. पॉपपी२ त्याला झोंबलं की जोडीदार आरपीएस४ जागा होतो. हे 2015 मध्ये उलगडलं.

प्रतिकार म्हणजे दर वेळी पहारेकरीच असतो असं नाही. भाताच्या जिवाणूजन्य करप्यात जिवाणू झाडाचंच साखर बाहेर सोडणारं जनुक चालू करून घेतो. एक्सए१३ हे त्याच जनुकाचं वेगळं रूप असलेल्या भातात त्याचं बटणच बदललेलं, त्यामुळे जिवाणूची डाळ शिजत नाही. हैदराबादेत तयार झालेल्या सुधारित सांबा मसुरीत हे जनुक एक्सए५ आणि एक्सए२१ या आणखी दोन प्रतिकार-जनुकांच्या जोडीला आहे.

वाट सांगायची तर बारावी, सीईटी, चार वर्षांची पदवी, मग वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी. वनस्पतिशास्त्रातूनही येता येतं. त्यात फार सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखी आहे माझी फजिती. एमएस्सीला वांग्याच्या वीस वाणांना जिवाणू टोचला. एकही झाड मरेना! दोन दिवस मी हवेत. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "कल्चर किती वेळा पुढे नेलंस?" आठ-नऊ वेळा. हा जिवाणू प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलं की रोग करायची ताकद घालवून बसतो. टीटीसी हे रंग देणारं रसायन घातलेल्या प्लेटवर मधे गुलाबी, कडेने पांढरट, बुळबुळीत वसाहती हव्यात. माझ्या लहान, गोल, गडद लाल. मला त्या सुबक वाटल्या होत्या. हमखास मरणारा वाण तुलनेसाठी लावला होता, तोही ताठ उभा, आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. हंगाम गेला. तेव्हापासून मूळ कल्चर निर्जंतुक पाण्यात जपते, आणि नोंदी घेताना सगळ्यात आधी त्या रोगाला बळी पडणाऱ्या वाणापाशी जाते.

आई आता रानवांग्यावर कलम केलेली रोपं लावते. उपटलेली झाडं कुंपणाशी फेकत नाही, जाळते; पावसाच्या पाण्याबरोबर जिवाणू परत मळ्यात येतो हे तिला पटलंय. हंगाम संपला की मी त्या कलमांची खोडं कापून पेल्यात धरते. बहुतेकांत काही दिसत नाही. क्वचित एखाद्यातून बारीक धागा उतरतो, आणि ते झाड शेवटपर्यंत वांगी देत उभं असतं. ते का मेलं नाही, यावर सध्या माझं काम चाललंय.