गाडी नुसती ‘टक्’ करते, सुरू होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे मोजा

किल्ली फिरवली की टक् होतं आणि इंजिन हलत नाही. असं सांगितलं की पार्किंगमधला प्रत्येक जण एकच निदान करतो: बॅटरी गेली, नवी टाका. बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण दोष टर्मिनलमध्ये किंवा अर्थ वायरमध्ये (बॅटरीचा मायनस बॉडी-इंजिनला जोडणारी वायर) असला, तर नवी बॅटरी बसवूनही गाडी पुन्हा टक्च करते, आणि दुकानदार वापरलेली बॅटरी परत घेत नाही.

आधी आवाज नीट ऐका. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट चालू. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, मारा.

भराभर टकटकटक आवाज आला आणि लाइट मिणमिणले, तर करंट पुरत नाही. सोलेनॉइड (सेल्फचा विद्युतचुंबकी स्विच, टक् त्याचाच) ओढला जातो, सेल्फने करंट मागताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, की पुन्हा तेच. एकच दणकट टक् आला आणि लाइट तसेच प्रखर राहिले, तर संशय सेल्फवर: सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत किंवा सेल्फमधले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. बॅटरी भरलेली असूनही एका टक्सरशी लाइट विझत आले, तर टर्मिनलचा जोड खराब आहे, नाहीतर सेल्फ किंवा इंजिन जाम आहे.

गाडी तुंबलेल्या पाण्यात बंद पडली असेल, तर मात्र इथेच थांबा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही. सेल्फ मारत बसलात किंवा धक्का दिलात तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. गाडी टो करूनच न्या.

आता मल्टिमीटर, डीसी 20 व्होल्टवर. काही तास उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. नुकतीच चार्ज केलेली असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून, मग बंद करून मोजा. नाहीतर आकडा फुगलेला दिसतो. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली, तर ती बहुधा खरोखरच दमली आहे.

खरी गोची पुढे आहे. ‘हॉर्न वाजतो, लाइट लागतात, म्हणजे वायरिंग ठीक’ हा सल्ला सोडून द्या. हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात, छोट्या पेट्रोल गाडीच्या सेल्फलाही 100 ते 150 लागतात. जोडात फक्त 0.01 ओहमचा अडथळा असला तरी 150 अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खाल्ला जातो. इतका बारीक अडथळा मीटरच्या ओहम रेंजवर दिसत नाही, आणि मीटरचा बझर लावून बघणं तर निव्वळ करमणूक. जोड तपासायचा तर करंट वाहत असतानाच, म्हणजे कुणीतरी किल्ली दोन-तीन सेकंद फिरवून धरलेली असताना.

एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरा त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर. 0.1 व्होल्टच्या आत यायला हवं. दोन्ही प्रोब क्लॅम्पलाच टेकवले तर कायम शून्य येईल. बहुतेक जण इथेच फसतात. दोन्ही टर्मिनल असेच बघा. मग मायनसच्या खुंटापासून इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूपर्यंत: 0.3 च्या आत. प्लसच्या खुंटापासून सेल्फवरच्या जाड बोल्टपर्यंत: 0.5 च्या आत. जिथे आकडा उडी मारतो, तोच जोड गुन्हेगार. प्रोबच्या वायरी बेल्टपासून लांब ठेवा. गाडी मध्येच सुरूही होऊ शकते.

आणि शून्य आलं म्हणून लगेच हुरळू नका. करंटच वाहत नसेल तर सडका जोडसुद्धा शून्य दाखवतो. त्याच वेळी बॅटरीचं व्होल्टेज खाली येतंय का ते बघा. बॅटरी 12.5 वर ठाम, सगळे जोड शून्य, सेल्फच्या जाड बोल्टवरही तेवढंच आणि तरी नुसतं टक्? मग सेल्फ उतरवायचा.

टर्मिनल साफ करताना मायनस आधी सोडा, शेवटी लावा. पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. पांढरी-हिरवी पूड खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने काढा, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. क्लॅम्प घट्ट आवळल्यावर हाताने फिरता कामा नये. व्हॅसलिन आवळल्यानंतर वरून, आधी नाही. सैल क्लॅम्पमध्ये पत्र्याची पट्टी ठोकणं म्हणजे नवा खराब जोड तयार करणं, क्लॅम्पच बदला. इंजिन ते बॉडी अर्थ वायरही किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते. ती घासू नका, नवी टाका.

जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करणं: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या प्लसला, काळी चांगल्या मायनसला, शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. पाच मिनिटं थांबून सेल्फ मारा. बारीक तारेच्या स्वस्त केबल फक्त तापतात. धक्का ऑटोमॅटिक गाडीला अजिबात नाही.

सेल्फला पान्याने हलकं ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर बहुधा कार्बन संपलेत. ती युक्ती फक्त गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती.

सुरू झाल्यावर हेडलाइट लावून बॅटरीवर मोजा. 13.8 ते 14.5 हवं. 13 च्या खाली असेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) आणि त्याचा बेल्ट बघा, नाहीतर उद्या पुन्हा टक्. चालू गाडीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘चेक’ करणाऱ्याला मात्र बोनेटला हात लावू देऊ नका: व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो. सेल्फ दुरुस्तीला दिलात तर जुने कार्बन आणि कॉन्टॅक्ट परत मागून घ्या.