कॉकपिटमधल्या बिनदोराच्या कड्या आणि कोड्यात टाकणारी भोकं

वापरलेली छोटी शिडाची होडी घेतली की शीड आणि सुकाणू लवकर अंगवळणी पडतात. डोकं खातात ते कॉकपिटमधले, म्हणजे होडी चालवताना बसायच्या उघड्या जागेतले, सुटे तुकडे. बाकाच्या काठात बसवलेली पितळी नळी, टिलरवर (सुकाणू वळवायच्या दांड्यावर) वर आलेली खुंटी, खणाच्या तळाशी भोक, भलत्याच जागी दोर अडकवायचं एखादं क्लीट. त्यांना ना दोर, ना खूण. मला या तुकड्यांनी फार छळलं आहे, म्हणून नवख्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, नुसत्या आकारावरून ओळखायला जाऊ नका. फोटो दाखवून ‘हे काय आहे?’ असं विचारणं हा मला सगळ्यात निरुपयोगी शॉर्टकट वाटतो. नाव कळतं, काम कळत नाही. तेच कॅम क्लीट, म्हणजे दोर दोन जबड्यांत पकडणारं क्लीट, एका होडीवर मेनशीट (मुख्य शीड आवरायचा दोर) धरतं, दुसरीवर कनिंगहॅमचा (शिडाची पुढची कड ताणायचा) दोर. त्यापेक्षा त्याचे जबडे बघा. कुठल्या बाजूने ओढ बसली की ते आवळतात? ताण त्या बाजूने येतो. तिकडे सरळ रेषेत नजर टाकली की बहुतेक वेळा एखादी कप्पी, फेअरलीड (दोराला दिशा देणारी कडी) किंवा जेलकोटवर (होडीच्या वरच्या चकचकीत थरावर) दोर घासल्याची खूण सापडते. ती सापडली की निम्मं कोडं सुटलं.

पितळी नळी आणि खुंटी ही जोडी आहे. टिलर पायलटचं, म्हणजे टिलर आपोआप हलवणाऱ्या यंत्राचं, एक टोक नळीत बसतं, दुसरं खुंटीवर अडकतं, आणि त्याचा दांडा आत-बाहेर होऊन सुकाणू सांभाळतो. मोजायची टेप लावून खात्री करता येते. रेमरीन कंपनीच्या टिलर पायलटच्या नेहमीच्या मांडणीत सुकाणूच्या आसापासून खुंटी 460 मिमीवर असते आणि खुंटीपासून नळी काटकोनात 589 मिमीवर. माप जुळलं तर नळी बुजवू नका. पुढेमागे एकट्याने होडी चालवायची झाली तर तिची किंमत कळेल. टिलरच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर छोटी क्लीट असतील, तर पूर्वीचा मालक बहुधा तिथे आडवा दोर किंवा इलॅस्टिक लावून टिलर क्षणभर बांधून ठेवत असणार.

आता त्या सापळ्याबद्दल, ज्यात मी सगळ्यात जास्त काळ अडकून होते: दोर नसलेली भक्कम कडी. केबिनच्या दाराजवळ, कॉकपिटच्या तळाशी U आकाराची स्टीलची कडी दिसते. ती हार्नेसचा, म्हणजे पाण्यात पडू नये म्हणून अंगावर चढवायच्या साजाचा, पट्टा अडकवायची जागा असू शकते. वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संस्थेचे खुल्या समुद्रातल्या शर्यतींचे नियम सांगतात की डेकवर येण्याआधीच पट्टा अडकवता यायला हवा आणि खाली गेल्यावर सोडवता यायला हवा. म्हणून ती दाराशी असते. पण अगदी तशीच दिसणारी कडी कप्पीसाठी असते, आणि तशीच एखादी नुसता डबा बांधायलाही बसवलेली असते. वरून तिघी सारख्याच चकचकीत. फरक खाली असतो. खण रिकामा करा, टॉर्च घेऊन आत डोकं घाला, हाताने चाचपा. आरपार गेलेले बोल्ट, नट आणि त्यांच्याखाली रुंद पट्टी लागली तर ठीक. बोटांना स्क्रूची नुसती टोकं टोचली, तर त्या कडीवर जीव टांगू नका. घसरून पडणाऱ्या माणसाचा पट्टा झटक्याने ताणला जातो तेव्हा कडीवर येणारा जोर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. खालची बाजू दिसतच नसेल तर ती कडी कच्ची समजा. क्लीटला, रेलिंगच्या तारेला किंवा सुकाणूच्या खांबाला पट्टा अडकवू नका, कोणी कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी.

दुसरी कडक सूचना गॅस सिलिंडरच्या खणातल्या भोकाबद्दल. ‘यातून पाणी येतं’ म्हणून ते बुजवणारे भेटतात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो; गळलेला गॅस खाली साचतो आणि त्या भोकातून होडीबाहेर जातो. भोक बंद केलं तर तो वाट काढत बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या अगदी तळाच्या पोकळीत, उतरू शकतो, आणि मग एक ठिणगी पुरते.

बाकीचं एवढं जिवावरचं नाही. कॉकपिटच्या भिंतीतलं रबरी झाकणाचं छिद्र बहुधा बिल्ज पंपाच्या दांड्याचं. चाक असलेल्या होडीत मागच्या बाजूचं गोल झाकण उघडलं की सुकाणूचं टोक दिसतं. चाकाची केबल तुटली तर आणीबाणीचा टिलर तिथे बसतो. तो टिलर होडीत आहे का, हे मात्र आजच शोधा.

विचारायचंच तर कोणाला? पूर्वीच्या मालकाला जरूर विचारा, पण तो स्वतःची सवय सांगेल. माझा भरवसा त्याच बनावटीची होडी एकट्याने चालवणाऱ्यावर जास्त आहे. त्याला प्रत्येक दोर हाताशी लागतो, त्यामुळे त्याने प्रत्येक तुकड्याचा विचार केलेला असतो.

आणि काही तुकडे खरंच बिनकामाचे निघतात, जुन्या प्रयोगांचे अवशेष. घाबरू नका, एक हंगाम तसेच राहू द्या. काढायचेच ठरले तर स्क्रूचं भोक नुसतं सिलिकॉनने बुजवू नका. डेकच्या आत बाल्सा (एक हलकं लाकूड) असेल तर पाणी मुरून तो कुजतो. भोकाभोवतीचा बाल्सा थोडा कोरून काढा, आतला भाग पूर्ण वाळू द्या, मग खालून टेप लावून घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरा.