बेळगाव भागात औषधांच्या होलसेलमध्ये नोकरी धरण्यापूर्वी

डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेली निपाणी, चिकोडी, खानापूरकडची बरीच मुले बेळगावातल्या औषधांच्या होलसेल दुकानांत कामाला लागतात. तिथे बिलिंग लगेच शिकवले जाते. आवक तपासायला मात्र क्वचितच कोणी शिकवते, आणि खोटा माल शिरतो तो आवकेतूनच.

आमच्याकडे माल हुबळीकडून येतो तसा कोल्हापुरातूनही येतो. कोगनोळीची राज्यसीमा ओलांडली की तपासणी करणारे खाते बदलते, पण 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे लायसन्सधारक स्टॉकिस्टकडून रीतसर बिलावर आलेल्या मालाला सीमेची अडचण नसते. अडचण असते ती बिलाशिवाय आलेल्या मालाची. "अण्णा, माल आज उतरून घ्या, बिल मागाहून करूया की," असे म्हणत एक जण अँटिबायोटिकची खोकी घेऊन आमच्या दुकानी आला होता. खोक्यावरच्या आणि आतल्या पट्टीवरच्या बॅच नंबरात शेवटचे अक्षर वेगळे होते, एक्सपायरीपाशी फॉइल खरवडल्यासारखे दिसत होते आणि बोट फिरवताच शाई बोटाला लागली. मालकांनी माल परत पाठवला. असा माल नव्याने तारीख छापलेला मुदतबाह्य असू शकतो, सरकारी दवाखान्यातून पळवलेला असू शकतो किंवा निव्वळ बनावटही असू शकतो, आणि तो घेणाऱ्या रुग्णाला यातले काहीच कळण्याचा मार्ग नसतो.

औषध बनावट निघाले, तर विक्रेत्याला कलम 19(3) चा आधार मिळतो. मात्र त्यासाठी माल लायसन्सधारकाकडून घेतला होता, वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता आणि साठवण योग्य होती, हे दाखवावे लागते. बनावट औषधाने मृत्यू झाल्यास कलम 27 खाली किमान 10 वर्षांची आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे.

विक्रीच्या बाजूची चोरी याहून गुपचूप चालते. कोडीनयुक्त कफ सिरप नशेसाठी बाहेर काढताना बंद पडलेल्या दुकानाच्या लायसन्सवर बिले फाडली जातात, म्हणून लहान गावातल्या दुकानाची ऑर्डर अचानक फुगली, तर ते दुकान उघडे आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. इन्स्पेक्टरने तपासणीसाठी नमुना घेतल्यास फॉर्म 17 आणि माल जप्त केल्यास फॉर्म 16 मागून घ्यावा. कागद न देता "मिटवून टाकू" असे कोणी म्हणाले, तर तो प्रकार लाचेचाच समजावा.

दरमहा थोडे पैसे घेऊन आपले फार्मासिस्टचे सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात लावण्याची पद्धत आपल्याकडे राजरोस चालते आणि मला ती सर्वांत घातक वाटते, कारण तिथे फार्मासिस्ट फक्त भिंतीवर असतो. नोकरी सोडताना लायसन्सवरचे आपले नाव काढण्यासाठी औषध नियंत्रण विभागाला लेखी कळवावे आणि पोच घेऊन ती जपून ठेवावी.